हर्णैचा सर्वर रात्री का पडतो : कामाच्या नोंदी

२ जून

कालपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारल्यात, म्हणलं आता दोन महिने बर्फ कारखान्यातून फोन यायचा नाही. आजच आला. दिवाणजी मामा म्हणतात सकाळी आलो तर कॉम्प्युटर काळा पडलेला, वर पांढरी अक्षरं होती, मग बटण दाबून परत चालू केला. अक्षरं काय होती मामा? "इंग्रजी." बरं.

दापोलीतून निघालो, आसूदपासून जो पाऊस लागला तो हर्णैपर्यंत. सर्वर म्हणजे काय फार मोठं प्रकरण नाही, दोन वर्षांपूर्वी मीच जोडलेला डबा, चार कोर, ८ जीबी रॅम (स्वतःच्या चुका पकडणारी ईसीसी वगैरे नाही), डेबियन १२ लिनक्स, कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) ६.१. त्यावर वजनकाट्याच्या नोंदी, लाद्यांचा हिशेब, आणि एप्रिलपासून कोल्ड रूमच्या तापमानाचे सेन्सर. बंदीत बर्फ कमी निघतो पण कोल्ड रूम चालूच असते, त्यामुळे तापमानाची नोंद थांबली की मामांची झोप उडते.

मागच्या बूटची जर्नल, म्हणजे मशीन स्वतः लिहितं ती रोजवही, काढली. रात्री २:३९ ला तापमानाची एक ओळ आणि त्यानंतर काही नाही, एकदम सकाळचं बूट. एरर नाही, वॉर्निंग नाही. हे असंच होतं, कर्नल मेलं की डिस्कवर लिहिणारा पण तोच असतो, मढ्याने स्वतःचा पंचनामा लिहायचा कसा.

मामांना सांगितलं, परत झालं तर बटण दाबायच्या आधी फोटो काढा.

४ जून

परत झालं. ऑफिसातल्या पोराने फोटो पाठवला, अर्ध्या फोटोत ट्यूबलाईट, उरलेल्यात शेवटच्या २५ ओळी. सगळ्यात खाली "कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट". म्हणजे इंटरप्ट (हातातलं सोडून मधेच करायचं तातडीचं काम) चालू असताना मेला, एवढं कळलं, पण मला पाहिजे होता तो वरचा भाग स्क्रीनवरून निघून गेलेला.

हे इथे लिहून ठेवतो कारण पुढच्या वेळी मीच विसरीन. ऊप्स आणि पॅनिक वेगळं. ऊप्स म्हणजे कर्नलने काहीतरी चुकीचं पकडलं, त्या प्रोसेसला मारलं आणि लंगडत पुढे निघालं. पॅनिक म्हणजे आता पुढे जाणं धोक्याचं, सगळं थांबवा. आणि एकामागून एक पाच ऊप्स आले असतील तर फक्त पहिल्याला किंमत आहे, नंतरचे चार हे पहिल्याने केलेल्या सांडलवंडीवर पाय घसरून पडलेले असतात. फोटोत नेमका शेवटचा येतो.

५ जून

आज कारखान्यात तीन सल्ले मिळाले. मामा : लाईट गेली की पडतो. कम्प्रेसरवाले ऑपरेटर काका : खारं वारं, इथे लोखंडाचा खिळा वर्ष टिकत नाही तुझं ते पातळ पातळ काय टिकणार. चहावाला : व्हायरस.

लाईटचं मी लगेच खोडून काढलं, सर्वर यूपीएसवर आहे, यूपीएस मागच्या महिन्यात बॅटरी बदललेला, स्वतः प्लग ओढून दाखवलं, डबा हलला पण नाही. मामा गप्प बसले पण पटलेलं दिसलं नाही.

खाऱ्या वाऱ्याचं मला मनातून पटलं. डबा उघडला तर पंख्यावर चिकट काळा थर, स्क्रू तांबेरलेले, पाठीच्या पत्र्याला हिरवट डाग. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, सोनेरी दात खोडरबरने घासले (पोराच्या कंपासमधला, अजून परत केलेला नाही), स्लॉटमधे ब्रश मारला, परत बसवल्या. कोकणात हा उपाय निम्म्या वेळा लागू पडतो म्हणून सवय लागलीये.

७ जून

मेमटेस्ट, रॅम तपासणारा प्रोग्रॅम, रात्रभर लावून ठेवलेला. चार फेऱ्या, शून्य चुका. मशीन चेकची, म्हणजे प्रोसेसरने स्वतः पकडलेल्या हार्डवेअरच्या चुकीची, पण एकही नोंद कुठे नाही. मेमटेस्ट पास म्हणजे रॅम निर्दोष असं नाही, थंड रात्री रिकाम्या मशीनवर पास होणारी रॅम दुपारी भरलेल्या मशीनवर चुकू शकते. तरी चार फेऱ्या म्हणजे काहीतरी आहेच.

८ जून

आज ठरवलं की अंदाज बंद. आधी मरताना जे बोलतो ते कुठेतरी साठवायची सोय करायची, मग बोलू.

दोन गोष्टी केल्या. पहिली नेटकन्सोल. कर्नलचे मेसेज डिस्कला न विचारता सरळ नेटवर्क कार्डातून यूडीपीने दुसऱ्या मशीनकडे फेकायचे. घरचा जुना लॅपटॉप आणला, ऑफिसच्या स्विचला वायरने जोडला, ६६६६ पोर्टवर नेटकॅट ऐकत बसवला आणि जे येईल ते फाईलमधे. याला वायरच लागते, आणि लॅपटॉपचा आयपीच नाही तर मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) पण द्यायचा, कारण मरणाऱ्या कर्नलकडे "हा आयपी कोणाचा रे" विचारायला वेळ नसतो. कन्सोलची लॉगलेव्हल ८ करायची, नाहीतर अर्धे मेसेज कन्सोलपर्यंत येतच नाहीत. हे विसरून मी पाऊण तास रिकाम्या फाईलकडे बघत होतो.

दुसरी केडंप. ही कल्पना मला पहिल्यांदा वाचली तेव्हापासून आवडते. बूट होतानाच थोडी रॅम बाजूला राखून ठेवायची आणि त्यात दुसरं छोटं कर्नल झोपवून ठेवायचं. पहिलं मेलं की केएक्झेक त्या दुसऱ्याला उठवतं, बायोसमधे न जाता, आणि ते उठून पहिल्याच्या रॅमची छाननी करून फाईल बनवतं आणि मग रीबूट. एका घरात थोरला गेला की धाकट्याने येऊन पंचनामा करायचा.

आणि ऊप्सवर लगेच पॅनिक करायचं सेटिंग पण चालू केलं. डेबियनमधे ते बंद असतं, म्हणजे प्रोसेस मरते आणि मशीन लंगडत राहतं. मला लंगडा सर्वर नको, मला ताजा मुडदा पाहिजे.

९ जून

चाचणी घेतली. सिसरिक्यूच्या फाईलमधे सी अक्षर लिहिलं की कर्नल तिथल्या तिथे स्वतःला पाडतं. मामा मागे उभे होते, म्हणाले "म्हणजे मुद्दाम पाडलास?" हो मामा. "त्याचेपण पैसे लावणार?"

पहिली चाचणी फेल. राखलेली रॅम कमी पडली, धाकटं कर्नल उठलं आणि मेमरी संपली म्हणून तेही मेलं. २५६ एमबी केली मग चाललं. छाननीत रिकामी पानं, फाईलींचा कॅश, प्रोग्रॅमचा स्वतःचा डेटा हे सगळं गाळतो म्हणून ८ जीबीची फाईल काहीशे एमबीत बसली. तरी ही फाईल कोणाला पाठवायची नाही, गाळूनसुद्धा नेटवर्कच्या बफरमधे होडीवाल्यांची नावं आणि उधारी राहू शकते.

डीबग सिंबॉलचं पॅकेज (कुठल्या पत्त्यावर कर्नलचं कुठलं फंक्शन ते सांगणारी यादी) दापोलीत घरी उतरवून पेनड्राईव्हवर नेलं, हर्णैच्या नेटवर ते गणपतीपर्यंत उतरलं नसतं. नंबर न नंबर तेच पाहिजे, ६.१ आहे ना मग चालेल असं चालत नाही.

१४ जून

पडला, आणि यावेळी सगळं मिळालं. जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, प्रोसेस पोस्टग्रेस (डेटाबेस), मेमरी वाटप करणाऱ्या फंक्शनमधे, पत्ता म्हणजे निव्वळ कचरा. पोस्टग्रेसचा काय संबंध? काही नाही, बिचारा मेमरी मागायला गेला होता.

१७ जून

परत. आता फाईलचं नाव शोधताना मेला, डिरेक्टरीच्या कॅशमधे. पोस्टग्रेस नाही, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) होता. दोन वेळा दोन जागा.

आम्हा लोकांचा एक ठरलेला ठोकताळा आहे. दरवेळी एकाच फंक्शनमधे पडला तर सॉफ्टवेअर, दरवेळी नवीन जागी पडला तर हार्डवेअर, बहुतेक रॅम. म्हणजे ऑपरेटर काका बरोबर.

१८ जून

माझ्या दुकानातल्या मशीनमधून दोन पट्ट्या काढून इथे घातल्या. दुकानात वर्षभर चाललेल्या, भरवशाच्या. इथल्या पट्ट्या माझ्या मशीनमधे टाकल्या, म्हणजे चोर कुठे जातो ते कळेल. मामांना सांगून टाकलं की झालं काम.

नको होतं सांगायला.

२२ जून

पडला. नवीन रॅमवर. माझं दुकानातलं मशीन इथल्या खाऱ्या पट्ट्यांवर मजेत चाललंय.

२३ जून

घरी बसलो, बाहेर पागोळ्या, आणि तिन्ही रिपोर्ट एकाशेजारी एक ठेवून ओळ न ओळ वाचले, जे मी १४ तारखेलाच करायला हवं होतं.

कालच्या रिपोर्टमधला पत्ता : डेड ०००० ०००० ०१२२. सोळा आकडी हेक्स, सुरवातीला चक्क डी-ई-ए-डी. हा कचरा नाही. कर्नलमधे एखादी वस्तू यादीतून काढली की तिच्या पॉइंटरमधे (दुसऱ्या वस्तूचा पत्ता ठेवायच्या जागेत) मुद्दाम असा विषारी आकडा लिहून ठेवतात, परत कोणी तिला हात लावला तर तिथल्या तिथे फुटावं म्हणून. मग केडंपच्या फाईली वाचायचं क्रॅश टूल उघडून १७ तारखेच्या डंपमधे ती मेलेली डिरेक्टरीची नोंद बाईट बाईट बघितली. तिच्या मधोमध, जिथे त्याचा काही संबंध नाही तिथे, तोच आकडा, आणि शेजारी आठ बाईट शून्य. १४ च्या डंपमधे तो सरळ दिसला नाही कारण वाटप करणारा रिकाम्या जागांचे पॉइंटर एक्सऑर करून (दुसऱ्या आकड्यात मिसळून) ठेवतो, उलटा हिशेब केल्यावर तिथेही तोच निघाला.

रॅम सडली तर एखादा बिट उलटतो, शून्याचा एक होतो. रॅमला इंग्रजी येत नाही, ती डेड लिहीत नाही. हे कोणीतरी कोडने लिहिलंय, सोडून दिलेल्या जागेत.

आणि इथेच तो ठोकताळा मला घेऊन बुडाला. जागा दरवेळी वेगळी म्हणजे हार्डवेअर, हे अर्धंच खरं. कोडने मेमरी परत केली आणि नंतरही त्यात लिहीत राहिला, तर मधल्या वेळात ती जागा ज्याला मिळाली तो मरतो. आज पोस्टग्रेस, उद्या क्रॉन. भाड्याची खोली सोडली पण किल्ली परत दिली नाही, रात्री येऊन नवीन भाडेकरूच्या सामानात लाथा मारतोय, आणि पंचनाम्यात नाव भाडेकरूचं.

मग वर बघितलं. प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर "टेंटेड : जी, ओ, ई". टेंटेड म्हणजे बाटलेलं कर्नल, आणि मॉड्यूल म्हणजे कर्नलला वरून जोडायचा तुकडा. तीनही वेळा. जी म्हणजे मालकी हक्काचं मॉड्यूल नाही, ओ म्हणजे कर्नलच्या बाहेरचं मॉड्यूल लावलंय, ई म्हणजे त्यावर ओळखीची सही नाही. आकड्यात १२२८८, म्हणजे ४०९६ अधिक ८१९२. या मशीनवर बाहेरचं मॉड्यूल एकच आहे, वायफाय डोंगलचा ड्रायव्हर. कोल्ड रूमच्या शेडपर्यंत वायर टाकायला मामा चर खणू देईनात, म्हणून एप्रिलमधे स्वस्तातला यूएसबी डोंगल लावला, त्याचा ड्रायव्हर नेटवरून घेऊन डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर परत बिल्ड करणारं साधन) बसवला. कोणी? मी.

२४ जून

आज आणखी एक. ऑपरेटर काकांकडे रजिस्टर असतं, लांबट, पिवळ्या पानांचं, दर तासाला अमोनियाचं प्रेशर आणि तापमान पेनने लिहितात, आणि लाईट गेली की लाल पेनाने वेळ, कारण कम्प्रेसर परत हाताने चालू करावा लागतो. मी नुसतं बसल्या बसल्या पानं उलटली.

२ जून, लाईट गेली २:३८. माझी जर्नलची शेवटची ओळ २:३९.

१४ जून, लाईट गेली ११:१५. क्रॅश ११:५२. १७ जून, लाईट ४:०५, क्रॅश ४:११. २२ जून, लाईट ७:३०, क्रॅश ७:३१. मधे लाईट गेलीये पण काही झालं नाही असेही चिक्कार दिवस आहेत, म्हणूनच मला आधी दिसलं नाही, आणि सदतीस मिनिटांनी पडणाऱ्या मशीनचा लाईटशी संबंध मी स्वतःहून कधी लावला नसता.

मामा बरोबर होते. सर्वर यूपीएसवर आहे, पण पलीकडच्या शेडमधला वायफायचा ॲक्सेस पॉइंट साध्या बोर्डावर आहे. लाईट गेली की तो मरतो, इथल्या डोंगलचं कनेक्शन तुटतं, ड्रायव्हर आवराआवर करतो आणि त्या आवराआवरीत काहीतरी राहून जातं.

मामांना जाऊन सांगितलं. "मी पहिल्या दिवशीच बोललो होतो." हो.

२५ जून

संशय म्हणजे पुरावा नाही. बूटच्या ओळीत स्लबचं, म्हणजे कर्नलमधल्या मेमरी वाटणाऱ्याचं, डीबग चालू केलं, चारही अक्षरं, एफ झेड पी यू. यातलं पी महत्वाचं, पी म्हणजे विष. जी मेमरी परत आली ती सगळी ६बी या बाईटने भरून ठेवायची. आणि यू म्हणजे ही जागा कोणी घेतली आणि कोणी सोडली त्याची नोंद जागेच्या शेजारीच. मशीन जरा जड झालं, वजनकाट्याचा पडदा उघडायला वेळ लागतो म्हणून पोराची कुरकुर. बंदीचे दिवस आहेत, चालवून घे म्हणलं.

२९ जून

लाईट गेली, दोन मिनिटात पडला. नेटकन्सोलवर पत्ता बघून मी एकटाच हसलो : ६बी ६बी ६बी ६बी ६बी ६बी ६बी ६बी. आणि यावेळी पोस्टग्रेस नाही, क्रॉन नाही, सरळ टायमर चालवणाऱ्या कोडमधे, इंटरप्टमधे. ४ तारखेच्या फोटोतली ती शेवटची ओळ आठवली.

म्हणजे कर्नलच्या टायमरच्या रांगेत एक टायमर लावलेला आहे, पण तो ज्या मेमरीत राहतो ती सोडून दिलेली आहे. वेळ झाली, कर्नल त्याला रांगेतून काढायला गेलं, तर आत सगळं ६बी. एरवी विष नसताना काय व्हायचं तर त्या जागी दुसऱ्या कोणाचं सामान असायचं, कर्नल इमानदारीत "टायमर काढला" म्हणून तिथे डेड आणि शून्य लिहायचं, आणि तो दुसरा नंतर कधीतरी मरायचा. ती सदतीस मिनिटं पण यातच आली.

३० जून

डंप उघडला. प्रोसेसरच्या रजिस्टरमधून (काकांच्या नव्हे) टायमरचा पत्ता घेतला, क्रॅश टूलला विचारलं ही मेमरी कुठली, उत्तर ५१२ बाईटच्या खणातली, सोडलेली. तिच्या शेजारच्या नोंदीतून सोडणाऱ्याचा पत्ता काढला आणि सिंबॉल विचारलं. डोंगलच्या मॉड्यूलमधलं फंक्शन, नावातच "फ्री स्टेशन". एवढंच. जून महिना गेला या एका ओळीसाठी.

२ जुलै

आता हुकमी पाडता आला पाहिजे, नाहीतर दुरुस्त झालं हे कळणार कसं. पोराला पलीकडच्या शेडमधे ॲक्सेस पॉइंटच्या बटणाजवळ उभा केला, मी इकडे, फोन चालू. बंद. थांब. चालू. ॲक्सेस पॉइंट उठायला मिनिटभर लागतं, मग डोंगल जोडला जातो, मग परत बंद. दहाव्या वेळेला त्याने विचारलं काका किती वेळा. पंधराव्या वेळेला पाऊस एवढा आला की फोनवर पत्र्याचाच आवाज. तेविसाव्या वेळेला पडला. पोरगा धावत बघायला आला आणि इतका खुश झाला जसं काही त्यानेच बनवलं.

५ जुलै

ड्रायव्हरचा कोड वाचला. प्रत्येक स्टेशनच्या (वायफायवर जोडलेल्या पलीकडच्या यंत्राच्या) मागे एक टायमर, दर दोन सेकंदांनी सिग्नल बघतो आणि स्वतःच स्वतःला परत लावतो. कनेक्शन तुटलं की टायमर काढायचा आणि मेमरी सोडायची. काढतो पण, पण साध्या डेल टायमरने. हा काय करतो तर टायमर रांगेत असेल तर काढतो. त्याच क्षणी टायमरचं फंक्शन दुसऱ्या कोरवर चालू असेल तर रांगेत काहीच नसतं, हा म्हणतो काही नाहीये आणि पुढे जातो, तिकडे ते फंक्शन शेवटी स्वतःला परत रांगेत लावतं, इकडे मेमरी सोडली जाते. दोन सेकंदांनी घंटा वाजते ती रिकाम्या घरात. म्हणून प्रत्येक लाईटला पडत नव्हता, ती वेळ जुळून यावी लागते.

याला उपाय म्हणून याच फंक्शनचा सिंकवाला भाऊ आहे, तो दुसऱ्या कोरवर चालू असलेलं संपेपर्यंत थांबतो. एक शब्द बदलला, बिल्ड केलं, लावलं, ॲक्सेस पॉइंट बंद केला आणि मशीन ठप्प. नेटकन्सोलवर "सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २२ सेकंद अडकलाय". हाताने घडवलेला डेडलॉक. काढणारा हातात लॉक धरून टायमरची वाट बघतोय आणि टायमरला तेच लॉक पाहिजे. अरुंद साकवावर दोघं समोरासमोर, दोघांच्या डोक्यावर भारा.

मग ती ओळ लॉक घ्यायच्या आधी नेली. चाललं.

६ जुलै

पोराला परत उभं करणं बरं दिसलं नसतं. सेन्सरच्या सामानातला एक रिले होता तो ॲक्सेस पॉइंटच्या वायरीत घातला, दर तीन मिनिटांनी बंद-चालू, रात्री आठ ते सकाळी आठ, २४० वेळा. एकदाही नाही पडला.

८ जुलै

रिपोर्ट लिहिला. कर्नलच्या लोकांना पाठवायचा प्रश्नच नव्हता, बाहेरच्या मॉड्यूलने टेंट झालेल्या कर्नलचा रिपोर्ट ते बघत नाहीत आणि बरोबर आहे त्यांचं, दुसऱ्याच्या पोराने फोडलेली काच यांनी का भरायची. ड्रायव्हर ज्याने नेटवर ठेवलाय त्याला लिहिला. कर्नलचा पूर्ण नंबर, पहिला ऊप्स जसाच्या तसा, वरच्या टेंटच्या ओळीसकट, न कापता. कसं पाडायचं (ॲक्सेस पॉइंट बंद-चालू, २० ते ३० वेळा). कुठल्या फंक्शनने सोडलं. आणि पॅच, म्हणजे कोडमधला बदल. "मला वाटतं" हे शब्द तीनदा लिहून तीनदा खोडले. डंप जोडला नाही, फक्त त्यातला टायमरच्या आसपासचा तुकडा.

१५ जुलै

उत्तर नाही. त्या पानावर शेवटची हालचाल दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे येणार पण नाही. पुढच्या प्रत्येक कर्नल अपडेटला हा पॅच मी सांभाळत बसू काय. बघितलं तर या जातीच्या चिपसाठी यूएसबीचा ड्रायव्हर ६.२ पासून कर्नलच्या आतच आलाय, आणि डेबियन १२ च्या बॅकपोर्टमधे (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजं ठेवतात तिथे) ६.१२ आहे. ते लावलं, डीकेएमएसचं सगळं काढून टाकलं. डोंगल आपोआप ओळखला. स्पीड कमी मिळतो, पण सेन्सर मिनिटाला चार आकडे पाठवतात, त्याला काय करायचाय स्पीड. टेंटचा आकडा बघितला : ०. रिलेवर अजून एक रात्र काढली, २४० वेळा, ठीक. स्लबचं डीबग बंद केलं, पोरगा खुश.

केडंप आणि नेटकन्सोल राहू दिलं. लॅपटॉप घरी नेला, त्याच्या जागी ऑफिसातल्या जुन्या मशीनला ऐकायला बसवलं.

३१ जुलै

उद्यापासून होड्या. जेटीवर डिझेल भरायला रांग, जाळी ओढून काढतायत, शाकार उतरवून किनाऱ्यावर झावळ्यांचे ढीग. कारखान्यात तिन्ही कम्प्रेसर चालू, लाद्यांचा आवाज दारापर्यंत. सर्वर सोळा दिवस चालू. काकांच्या रजिस्टरमधे एवढ्या दिवसात लाल पेनाच्या अकरा ओळी.

बिल द्यायला गेलो. डोंगल मीच लावलेला, तो ड्रायव्हरही मीच उचलून आणलेला, त्यामुळे जून महिन्याचे पैसे लावले नाहीत, फक्त पेट्रोल आणि ॲक्सेस पॉइंटला घेतलेला छोटा यूपीएस. मामांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, खण उघडून पैसे काढले, आणि म्हणाले, "आणि पोराचा खोडरबर?"